रायफलचा दस्ता नवा करून घेताना माझी झालेली फसवणूक

मागच्या महिन्यात आपल्या नेमबाजांपैकीच एकाने फोन करून विचारलं, "अमुक माणसाकडे रायफल दस्त्यासाठी टाकू का? काम फार देखणं करतो म्हणे." माणूस तोच, ज्याने मला फसवलं. फोनवर त्याला थांबवलं. पण असे किती जण न विचारताच त्याच्याकडे जात असतील, हे मनातून जाईना. म्हणून सगळं सांगतो.

मी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहतो. कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलवर नेम धरायला शिकलो. इथे आल्यावर एका क्लबचा सभासद झालो आणि ३०८ कॅलिबरची रेमिंग्टन ७०० रायफल घेतली. शिकार करत नाही, कागदी टार्गेटवरच मारतो. रायफलबद्दल तक्रार नव्हती, पण मूळचा दस्ता, म्हणजे ज्यात नळी आणि यंत्रणा बसते आणि ज्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं तो भाग, माझ्या मापाचा नव्हता. चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंच, आणि माझी उंची पाच फूट चार. स्कोपमध्ये पूर्ण चित्र दिसायला दर वेळी मान पुढे ताणावी लागायची, अर्ध्या तासात खांदा भरून यायचा.

क्लबातल्या ओळखीतून हा माणूस कळला. बोलायला गोड, गॅरेज झाडूनपुसून लख्ख. हाताने थर देऊन केलेला फायबरग्लासचा दस्ता, आत केव्हलारचे मजबूत धागे, रायफल दस्त्याला आवळणाऱ्या स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनियमचे पिलर (दस्ता चेपू नये म्हणून बसवलेल्या नळ्या), पूर्ण बेडिंग (रायफल दस्त्यात न हलता बसावी म्हणून आत भरलेला इपॉक्सीचा लेप), नळी दस्त्याला कुठेही न टेकता मोकळी, लांबी पावणेतेरा इंच, वर राखाडी-काळा जाळीदार रंग. एकूण ९४० डॉलर. ६०० आगाऊ मागितले, तेही पेपॅलवरून 'मित्र-नातेवाईक' म्हणून, का तर कमिशन वाचतं. मी पाठवले. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे मला नंतर कळलं. रायफलही त्याच्याकडे ठेवून आलो. पावती मागितली नाही.

चार आठवडे सांगितले होते, अकरा लागले. मधल्या काळात फोन उचलायचा नाही, उचललाच तर "रंग वाळतोय" म्हणायचा. अखेर रायफल हातात आली तेव्हा मात्र मी खूश झालो, हे कबूल करतो. रंग सुरेख होता. उरलेले ३४० तिथेच रोख मोजले.

पहिल्याच रविवारी शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारल्या. जुन्या दस्त्यावर सव्वा इंचात बसणाऱ्या गोळ्या आता तीन इंचांत विखुरल्या. नळी तापली तशा त्या वर उजवीकडे सरकू लागल्या. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. तीन रविवार आणि दोनशेच्या वर काडतुसं त्यात गेली.

क्लबात एक वयस्कर गृहस्थ आहेत, जन्मभर लेथवर काम केलेले. त्यांनी डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघितली. रायफल नुसती उचलून धरली तर नोट सरळ जायची, पण बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर, ठेवून दाबली की मध्येच अडकायची. म्हणजे दस्त्याचा पुढचा भाग वाकून नळीला टेकत होता. मग त्यांनी त्यांच्या गॅरेजमध्ये डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र, लावला आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. काटा बारा हजारांश इंच हलला. बेडिंग चांगलं असेल तर दोन हजारांशाच्या वर हलू नये, असं ते म्हणाले. थोडक्यात, स्क्रू आवळला की माझी ॲक्शन, म्हणजे नळीमागचा बोल्ट बसतो तो धातूचा भाग, वाकत होती.

दोन्ही स्क्रू काढून ॲक्शन उचलली तेव्हा पोटात गोळा आला. बेडिंगचा लेप ब्रेडला जॅम लावल्यासारखा पातळ, जागोजागी बुडबुड्यांचे खड्डे. नळीच्या मुळाशी रिकॉइल लग नावाचा लोखंडी दात असतो, गोळीचा धक्का तो दस्त्यावर घेतो. त्याची फक्त मागची बाजू टेकायला हवी. पुढून, बाजूंनी, खालून जागा मोकळी लागते, म्हणून लेप भरण्याआधी तिथे टेप चिकटवतात. याने टेप लावलीच नव्हती. दात तळाला टेकून सगळी ॲक्शन तरंगत होती. पिलर म्हणून वरच्या तोंडाशी जेमतेम एक सेंटिमीटरचा नळीचा तुकडा, खाली नुसतं प्लास्टिक. आवळलेला स्क्रू ते प्लास्टिक चेपत होता.

आणि फायबरग्लास? चिंधीवर सॉल्व्हंट घेऊन खालच्या बाजूला घासलं तर रंग निघून आला. त्याखाली साच्याच्या जोडाची सरळ रेघ होती, आणि घासून पुसट केलेली अक्षरं. बाजारात शंभर-सव्वाशे डॉलरला मिळणारा साच्यातला प्लास्टिकचा दस्ता. मागचं रबर काढलं तर आत पिवळा फोम भरलेला, खिडकीच्या फटीत मारतात तो. ठोकल्यावर पोकळ वाजू नये म्हणून. लांबी मोजली तर सव्वातेरा इंच.

पैशांपेक्षा मला हादरवलं ते पुढच्या गोष्टीने. इथल्या कायद्यात दस्ता म्हणजे बंदूक नव्हे, तो कोणीही विकू शकतो. पण दुरुस्तीचा धंदा म्हणून दुसऱ्याची रायफल ठेवून घ्यायची तर केंद्राचा परवाना लागतो, आणि रात्रभर राहणारं प्रत्येक हत्यार नंबरासकट वहीत नोंदवावं लागतं. या माणसाकडे परवाना नव्हता. अकरा आठवडे माझी रायफल कुठल्याही कागदावर नसताना त्याच्या गॅरेजात पडून होती. चोरीला गेली असती तर ती त्याच्याकडे दिली होती, हे मी कशाच्या जोरावर सिद्ध केलं असतं? घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस धड बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हा कोणाकडेही जा, परवान्याची प्रत आधी मागा आणि नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय रायफल खाली ठेवू नका. रंग चढण्यापूर्वीचे, पिलर बसवतानाचे आणि बेडिंगमधून ॲक्शन पहिल्यांदा उचलल्यावरचे फोटो मागा. नीट काम करणारा ते आनंदाने देतो, कारण त्याची खरी मेहनत तिथेच असते. पैसे क्रेडिट कार्डाने द्या.

मी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आणि मॅजिस्टेरियल कोर्टात दावाही लावला. तिथे १२,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही. डायल गेजचे फोटो आणि त्याचे मेसेज जोडले. तो आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. वसुली अजून व्हायची आहे.

दरम्यान परवानाधारक कारागिराकडून खरा फायबरग्लासचा दस्ता घेतला, पावणेतेरा इंची. बेडिंग त्या लेथवाल्या काकांनी माझ्याच हातून करून घेतलं: लेप चिकटू नये म्हणून ॲक्शनला बुटाचं बिनरंगी पॉलिश, दाताला मागची बाजू सोडून सगळीकडे टेप, पोलाद मिसळलेला इपॉक्सी आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने हलकं ठोकलं तशी ॲक्शन 'टक्' करून सुटली. खाली आरशासारखा गुळगुळीत ठसा, एकही बुडबुडा नाही. गेज लावला तर काटा दीड हजारांश हलला. काकांनी तो दोनदा तपासला आणि मग मला कॉफी ओतून दिली.