माटुंग्याचा स्टीलचा फिल्टर: सात महिने रोज वापरून

आमच्या मजल्यावरच्या मामी गेल्या नोव्हेंबरात लेकीकडे कोइमतूरला कायमच्या राहायला गेल्या आणि माझी सकाळची कॉफी बंद पडली. चौदा वर्षं, शीवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, सव्वासहाला दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की समोरच्या दारातून फिल्टर कॉफीचा टंबलर-डबरा, म्हणजे स्टीलचा पेला आणि त्याखालची खोलगट वाटी, पुढे यायचा. मी तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून प्यायचे आणि भांडं विसळून परत द्यायचे. त्यामुळे कॉफीचा फिल्टर नावाची वस्तू आपल्याला कधी विकत घ्यावी लागेल असं डोक्यातच आलं नव्हतं. घरात कॉफी म्हणजे इन्स्टंटची बाटली. ती निघायची कुणाची परीक्षा असली की, नाहीतर सासूबाईंच्या रात्रीच्या जायफळाच्या कॉफीसाठी.

पहिला फिल्टर मी मोबाइलवरून मागवला. २९९ रुपये, सहा कपांचा, फोटोत चकचकीत. आला तोही चकचकीत. पावडर घातली, पाणी ओतलं, नि चार मिनिटांत सगळं खाली! मला वाटलं, वा, मामी उगाच रात्रभर ठेवायच्या. कपात दूध घालून पाहिलं तर रंग पावसाळ्यातल्या मिठी नदीचा आणि शेवटच्या घोटात दाताखाली कचकच. भोकं रव्याच्या चाळणीएवढी होती. परत पाठवायची मुदत मी नेहमीच्या शिरस्त्याने घालवली.

मग जानेवारीतल्या एका रविवारी माटुंग्याला गेले. शीवहून एकच स्टेशन. २०१७ पासून या स्टेशनचा सगळा कारभार बायकांच्या हातात आहे, त्यामुळे उगाचच आपल्या माहेरी उतरल्यासारखं वाटतं. पूर्वेला बाहेर पडलं की राम आश्रय हॉटेलपुढची रविवारची गर्दी, मग केळीची पानं, वेण्या-गजरे, सांबारचे छोटे कांदे. फुलवाल्यांच्या पुढे भांड्यांची दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरले. नाव देत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत.

दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "पिणारे किती?" मी म्हटलं, दोन-तीन. त्यांनी मी हात लावलेला मोठा फिल्टर काढून घेतला आणि त्याहून निम्मा पुढे सरकवला. मोठ्यात थोडीशी पावडर घातली तर तिचा थर पातळ बसतो, पाणी त्यातून पळून जातं. माझ्या सहा कपांच्या प्रकरणाचा निम्मा उलगडा तिथेच झाला. मग त्यांनी वरचं भांडं ट्यूबलाइटसमोर धरलं. "भोकं दिसायला नकोत, उजेड दिसायला हवा." खरंच, तळ नुसता धुक्यासारखा उजळला होता, एकेक भोक वेगळं मोजता येत नव्हतं. पितळेचेही होते, आतून मुलामा दिलेले, दिसायला देखणे आणि किमतीला तिप्पट. मी स्टीलचाच घेतला. ४२५ रुपये, घासाघीस करून ४१०.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात पावडर दाबायला दांडीची एक भोकांची चकती, छत्रीसारखी. वर झाकण. ना वायर, ना कागदी गाळणी, ना रबराची चकती. बिघडण्यासारखं काहीच नाही असं वाटतं, पण थांबा.

फिल्टरइतकंच पावडरीचं दुकान महत्त्वाचं. तिथे मी "कॉफी पावडर द्या" म्हटलं आणि काउंटरवरच्या मुलाने एका दमात विचारलं, "पीबेरी की प्लांटेशन ए? मिक्स? चिकोरी किती?" मागे ओळीत तीन माणसं. माझी शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखी अवस्था. नंतर दोन-तीन फेऱ्यांत कळलं ते असं. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया सपाट बाजू एकमेकींना लावून बसतात, पण काही फळांत एकच वाढते, ती गोल होते. ती पीबेरी. प्लांटेशन ए म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीची मोठ्या दाण्याची प्रत. आणि चिकोरी ही कॉफीच नव्हे, ते एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नसतं. आपल्याकडे ती बरीचशी शेजारच्या गुजरातेतच पिकते.

माझ्या मनात चिकोरीवर भेसळीचा शिक्का पक्का होता. म्हणून पहिल्यांदा ऐटीत 'प्युअर' घेतली. वास काय सांगू, लेडीज डब्यात पिशवी मांडीवर होती तर समोरच्या बाईने "कॉफी ना?" म्हणून विचारलं. पण घरी दूध घातल्यावर ती कॉफी दुधात बुडूनच गेली. सुगंध होता, पण अंगात जोर नव्हता. फोनवर मामी हसल्या. "अगं, आमच्याकडे वीस टक्के घालतातच. काळी प्यायची असेल तर प्युअर घे." चिकोरी पाण्यात सहज उतरते, म्हणून डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा अर्क, दाट नि गडद पडतं आणि दुधापुढे टिकतं. नंतर ६०-४० आणून पाहिली, ती मात्र पडशाच्या काढ्याच्या वळणावर गेली. आता ८०-२० वर कायम झाले आहे. तयार पाकीट घेणार असाल तर मागची बारीक अक्षरं वाचा. नियमाने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असलेली पुडीसुद्धा कायद्याने कॉफी-चिकोरीचं मिश्रण म्हणून विकता येते. टक्के छापलेले असतात, आपण बघत नाही.

सासूबाईंना यात नवं काही वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी गिरगावात पॉलसनची कॉफी यायची, तीत चिकोरी असायचीच म्हणाल्या. पॉलसन म्हणजे लोण्याचा, ज्याच्यावरून साहेबाला पॉलसन लावणं आलं, तोच. त्या कंपनीची सुरुवात कॉफीपासून झाली होती. ती कॉफी पातेल्यात उकळून फडक्याने गाळायचे. आणि एवढं सांगून सासूबाई माझ्या फिल्टरकडे अशा बघतात, की एवढा खटाटोप कशाला!

खटाटोप असा. रात्री साडेदहाला, ओटा आवरून झाला की तीन शिगोशीग चमचे पावडर, साधारण २५ ग्रॅम. भांडं एकदा हलकेच आपटून सपाट करायची, वर छत्री बसवायची. पाणी उकळलं की गॅस बंद, मिनिटभर थांबून गोल गोल ओतायचं, २०० मिलिलिटर. झाकण. झोपायला जायचं. सकाळी खालच्या भांड्यात दीडशेच्या आसपास डिकॉक्शन तयार असतं, बाकीचं पाणी पावडर पिऊन बसते. पाच भागांतला एक-दीड भाग डिकॉक्शन, वर कढत दूध. तीन कप होतात.

वाचायला सोपं आहे. पहिल्या रात्री मी पावडर इतकी दाबली की पोह्यांच्या डब्यात वाटी दाबतात तशी. पाणी ओतलं आणि समोर उभी राहिले. दहा मिनिटं, काही नाही. भांड्याला कान लावला. आवाज नाही. अर्ध्या तासाने वरचं भांडं उचलून पाहिलं तर खाली मोजून चमचाभर काळं, आणि उचलताना 'फुस्स' असा आवाज. त्या फुस्ससरशी टपटप सुरू झाली! परत घट्ट बसवलं, परत बंद. हाच माझ्या फिल्टरचा मोठा दोष. दोन भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसतात की खालची हवा बाहेर निघायला फट राहत नाही. आणि हवा हलली नाही तर थेंब उतरणार कुठे?

व्हिडिओ कॉलवर मामींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं.

"किती दाबलंस गं? कॉफी आहे की गादी?"

"तुम्हीच म्हणालात ना, दाबायची."

"दाबायची म्हणजे बसवायची. आणि ते वरचं थोडं तिरकं ठेव. माझ्या फिल्टरला पोचा आहे, तिथूनच श्वास घेतो तो."

म्हणजे चौदा वर्षं मी ज्या कॉफीची तारीफ करत होते तिचं निम्मं श्रेय एका पोच्याला होतं. मी काही नवा फिल्टर ठोकून पोचा पाडला नाही. वरचं भांडं बसवताना किंचित वाकडं ठेवते, केसभर फट राहते, काम चालतं. नवीन घेताना दुकानातच दोन्ही भांडी बसवून, फिरवून बघा. अडकत असतील तर दुसरा नग मागा. काकांनी उजेड दाखवला, हे नाही दाखवलं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. झाकणाची मूठ दुसऱ्याच महिन्यात निखळली, आता चिमट्याने झाकण उचलते. वरच्या भांड्याच्या काठाला धार होती, घासताना बोट कापलं, मग आमच्या ह्यांनी पॉलिश पेपर फिरवून दिला.

एप्रिलमध्ये मात्र नवीच अडचण. रात्री लावलेलं डिकॉक्शन सकाळी निम्मंच खाली. तिरकं ठेवूनही तेच. ट्यूबलाइटसमोर धरलं तर उजेडच दिसेना. रोज धुऊनही भोकांत कॉफीचा चिकट गाळ जमला होता. सुईने एकेक भोक टोकरायचं म्हटलं असतं तर पावसाळा उजाडला असता. मामींचा उपाय: भांडं कोरडं करून सांडशीने धरायचं, तळ गॅसच्या ज्योतीवर. आधी करपट धूर आला. मग भोकाभोकांत अडकलेले कण पेटायला लागले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारीक नारिंगी ठिणग्यांची रांग सरकत गेली, तीन-चार सेकंद, आणि विझली. स्टीलवर निळसर-सोनेरी डाग उमटला तो आजही आहे. गार झाल्यावर ब्रशने घासलं, नि परत तो धुक्यासारखा उजेड! आता दीड-दोन महिन्यांनी एकदा करते. भांडं पूर्ण स्टीलचं असेल तरच करा. प्लॅस्टिकची मूठ किंवा मुलामा असेल तर या वाटेला जाऊ नका.

दुधाबद्दल मुंबईत बोलायलाच हवं. तबेल्याच्या म्हशीच्या दुधाने कॉफी दाट होते, पण साय टंबलरच्या काठाला लोंबते आणि चवही दुधाचीच पुढे येते. टोन्ड दूध, तीन टक्के फॅटचं, यात कॉफी अगदीच पाणचट. मी सहा टक्क्यांचं फुल क्रीम पिशवीचं घेते, एकदाच उकळते, साय बाजूला काढते आणि लगेच वापरते. कालचं तीनदा तापवलेलं दूध घातलं तर फिल्टरला दोष देऊ नका. डिकॉक्शन उकळायचं नाही, कडू होतं. गार वाटलं तर भांडं गरम पाण्यात ठेवायचं. उरलेलं मे महिन्यात संध्याकाळपर्यंत आंबूस झालं होतं, तेव्हापासून जेवढं लागतं तेवढंच. दुसरं पाणी घालून फिकं डिकॉक्शनही निघतं, दुपारी अचानक पाहुणे आले तर खपून जातं. हे मामींना कळवू नये.

पाण्याचं मामी हटकून काढतात. कोइमतूरला सिरुवानीचं पाणी आहे, त्याची कॉफी काही औरच म्हणे. मी सांगते, आमचंही तानसा-वैतरणेचं आहे, बोअरचं नाही. यावर त्या नुसतं "हां" म्हणतात.

पावसाळ्यात पावडरीची ढेकळं झाली. जुलैत पाव किलो आणली आणि आठवड्यात डब्यात खडे. वासही पडला. आता एकदम आणतच नाही. एरवी पाव किलो आम्हाला दहा दिवस जाते, पावसाळ्यात शंभर-शंभर ग्रॅम, घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरडा चमचा. माझ्या मिश्रणाची पाव किलो २२० रुपयांना पडते, म्हणजे दिवसाला बावीस रुपये, तीन कप. घरी मिक्सरवर बिया दळायचा प्रयोग एकदा केला. अर्धं पीठ, अर्धी भरड. पिठाने भोकं बुजली आणि भरडीतून पाणी तसंच निघून गेलं. दुकानात फिल्टरसाठी म्हणून दळून देतात, तेच घ्या.

कुणी घ्यावा? सकाळी उठल्यावर तल्लफ येते आणि तेव्हाच कॉफी करायला घेते, अशीला हा फिल्टर रडवेल. रात्री दही लावायची ज्यांना सवय आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावा, तेवढंच काम आहे. पाचपैकी चार. एक मूठ निखळल्याचा कापला. घट्टपणाचा खरं तर अजून अर्धा जायला हवा, पण सहाला उठून झाकण उचललं आणि तो वास आला की माझा हिशेब ढिला पडतो.

सासूबाई आता रोज पितात. खटाटोप म्हणून नाक मुरडणं चालूच आहे, पण रात्री पलंगावरून "लावलास का गं?" असं विचारतात, आणि सकाळी त्या फेसाळ टंबलरवर, मी बघत नाही असं समजून, जायफळ किसतात. मी एकदा त्यांच्या कपातला घोट घेतला. वाईट नव्हता.

आणि हो, तो २९९चा सहा कपांचा टाकला नाही. त्याच्या वरच्या भांड्यात लसूण ठेवते. भोकांतून वारं छान लागतं, कोंब येत नाहीत.