पांढरे खडे आणि पीएचचे ‘औषध’ : एका फसवणुकीचा अनुभव

नव्या फिश टँकच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचे माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) कमी करणारे ‘औषध’ सोलापुरातील एका दुकानदाराने आम्हाला पुन्हा पुन्हा विकले. आणि तो पीएच वाढवणारी वस्तू त्याच माणसाने पहिल्याच दिवशी सजावट म्हणून आमच्या गळ्यात मारली होती. नवी टाकी घेणाऱ्या इतरांचे असे नुकसान होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आम्ही टाकी बोअरच्या पाण्याने भरली होती. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे असते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी नेलेल्या नमुन्यात त्याने काही थेंब टाकले, पाणी गडद निळे झाले आणि तो म्हणाला, “साहेब, पीएच नऊ आहे, यात मासा रात्रभर टिकायचा नाही.” मग त्याने लेबल नसलेली एक बाटली, तळाला पसरण्यासाठी संगमरवराचे पांढरे खडे, थोडे शिंपले आणि त्याच दिवशी सोडण्यासाठी निऑन टेट्रा हे छोटे मासे दिले. बिल मागितल्यावर मात्र विषय बदलला.

ते थेंब ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या पीएचनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचे होते. हे द्रव्य साधारण 6 ते 7.6 एवढाच पीएच दाखवते आणि त्यापुढचे प्रत्येक पाणी सारखेच निळे दिसते. म्हणजे ‘नऊ’ हा आकडा त्या परीक्षेतून निघूच शकत नव्हता.

बाटलीतील द्रव घातला की पीएच उतरे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलेला असे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी टाकीतील एक खडा बाहेर काढून त्यावर व्हिनेगर टाकले, तेव्हा त्यातून बारीक बुडबुडे निघू लागले. संगमरवर आणि शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बाटलीतले आम्ल घातले की पाण्यातील बायकार्बोनेट त्याला शोषून घेते, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, खड्यांमधून नवे कार्बोनेट विरघळते आणि पीएच पूर्वपदावर येतो. बाटली संपायची आणि आम्ही पुन्हा त्याच दुकानात जायचो. त्याच्या गल्ल्याची सोय झाली, पण हेलकावे सोसले ते माशांनी. पीएचमधला एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेतला दहापट फरक असतो. शिवाय नव्या टाकीत अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर साठणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना सुमारे अर्धा टक्का, तर पीएच 8 असताना सुमारे पाच टक्के असतो. मऊ, किंचित आम्ल पाण्यातले निऑन टेट्रा अशा टाकीत मेले यात नवल नव्हते. तरीही “तुम्ही औषध कमी टाकलं” असे सांगून त्याने आणखी एक बाटली पुढे केली, याचा मला अजूनही संताप येतो.

खडे विकत घेण्यापूर्वी त्यातला एक मागून घरी व्हिनेगरने तपासावा; फेस आला तर तो टाकीत घालू नये. पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवून मगच त्याचा पीएच मोजावा, आणि मोजताना पीएचबरोबर कार्बोनेट कठीणताही (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) पाहावी. आपल्या पाण्याचा पीएच साडेसात-आठ असेल आणि तो स्थिर राहत असेल, तर त्याच्याशी झगडण्याऐवजी त्यात रमणारे गप्पी, मॉली, प्लॅटी निवडावेत. खडे काढून टाकल्यावर, जिवाणू रुजेपर्यंत थांबून, आम्ही त्याच बोअरच्या पाण्यात मॉली सोडले. ते उत्तम वाढत आहेत आणि एकही बाटली लागलेली नाही.

उत्पादकाचे नाव, प्रमाण, किंमत आणि महिना-वर्ष छापलेले नसलेली बाटली घेऊ नये. दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. बिल नसले तरी यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, ती बाटली आणि ते खडे मी जपून ठेवले आहेत. गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगापुढे तेच मांडणार आहे.