मोंटेसरी की बोलकी बालवाडी?

तीन वर्षांच्या मुलाकडून अ-आ-इ गिरवून घेणाऱ्या आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणणाऱ्या शाळा तुम्ही आधीच बाजूला काढल्या असतील, असं धरून चालतो. मग उरतात दोन पर्याय. दोन्ही चांगले, म्हणून निवड अवघड. एक म्हणजे नीट चालवलेली मोंटेसरी, म्हणजे मारिया मोंटेसरींच्या पद्धतीची, ठरावीक साहित्य घेऊन मूल आपापलं काम करतं अशी शाळा. दुसरी महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या वळणाची, खेळावर आणि गप्पांवर चालणारी मराठी बालवाडी. आमची मुलगी पुण्यात दोन्हीकडे गेली, शिशुगटात मोंटेसरीला आणि त्यानंतर बालवाडीत. एकाच मुलीचा अनुभव आहे, तेवढा धरूनच वाचा.

मोंटेसरीत जे आवडलं ते आजही आवडतं. काम काढायचं, चटईवर मांडायचं, झालं की जागेवर ठेवायचं, ही शिस्त मुलीला कुणी न ओरडता लागली. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्टे बसवताना एखादा चुकला, तर शेवटी एक दट्टा उरतो आणि चूक मुलालाच दिसते, मोठ्यांनी बोट दाखवावं लागत नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं एका वर्गात असल्यामुळे धाकटी मोठ्यांचं बघून पुष्कळ उचलतात. आणि गणित! एक मणी, दहाची माळ, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन एका रांगेत ठेवले की हजार म्हणजे केवढे, ते हाताला कळतं. इतकं पद्धतशीर गणित मला बालवाडीत दिसलं नाही.

मला खटकलं ते गुलाबी मनोऱ्यापाशी. हे मोंटेसरीचं एक साहित्य: एकावर एक रचायचे दहा ठोकळे, सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा. पालकांना वर्ग बघू देतात तशा एका सकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो. मुलीने मनोरा रचला, मोडला, आणि छोटे ठोकळे चटईवर मांडून शेजारच्या मुलाला विचारलं, “मोदक किती वाढू?” तो म्हणाला, “दोन. तूप कुठाय?” तेवढ्यात ताई आल्या, खाली बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मनोऱ्याचं काम झालं ना? मग जागेवर ठेवूया.” ठोकळे फडताळात गेले. तूप राहिलंच.

ताईंचं काही चुकलं नाही. साहित्य ज्यासाठी बनवलं त्याच रीतीने वापरायचं, हा त्या पद्धतीचा विचार आहे. सगळे ठोकळे एकाच रंगाचे असतात, फरक फक्त लहानमोठेपणाचा, म्हणजे मुलाचं लक्ष तेवढ्यावरच राहतं. हे सगळं पटतं. पण ‘तूप कुठाय’ या प्रश्नात त्या दोघांचं जे काही सुरू झालं होतं, त्याला त्या वर्गात जागा नव्हती, आणि ते माझ्या मनातून गेलं नाही. पुढेही बघत राहिलो. मुलं आपापल्या चटईवर रमलेली असत, पण एकमेकांशी लांबलचक बोलणं क्वचितच व्हायचं. घरी तिला “आज काय केलंस?” विचारलं की ती साहित्याची नावं सांगायची, कोण काय म्हणालं ते नाही.

बालवाडीत सकाळ गप्पांच्या गोलाने सुरू होते. एकदा मी जरा रेंगाळलो होतो. एका मुलाने सांगितलं, “आमच्याकडे रात्री टँकर आला.” ताईंनी विचारलं, “रात्री का बरं आला असेल?” कुणी म्हणालं, दिवसा ड्रायव्हर झोपतो. कुणी म्हणालं, आमच्याकडे नळाला पाणी असतं. “मग यांच्या नळाला का नसेल?” ताईंनी एकही उत्तर चूक ठरवलं नाही. थोड्या वेळाने अंगणात बाकाचा टँकर झाला, पाइप म्हणून दोरी आली आणि पिंपात किती मग पाणी मावतं यावरून वाद झाला. मोजायला सुरुवात मुलांनीच केली. आकडे मध्येच चुकले, तेव्हा दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.

गंमत अशी की दोन्हींचं मूळ एकच. ताराबाईंनी भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर मोंटेसरीच्याच विचारावर काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आणि नंतर तिथल्याच कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना महागडं साहित्य चालण्यासारखं नव्हतं. मग खडे, शिंपले, बिया, पानं आणि माती हेच साहित्य झालं. मला वाटतं, फरक तिथेच पडला. शिंपला कसा वापरायचा हे कुठे ठरलेलं नसतं, त्यामुळे त्याची वाटीही होते आणि होडीही, आणि त्याचं काय करायचं ते मुलांना आपापसात बोलून ठरवावं लागतं. 2022 च्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षं) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही खेळातून शिकण्याच्या वाटांमध्ये गोष्टी, खेळणी, गाणी यांच्याबरोबर संवाद आहे.

बालवाडीच्या अडचणीही सांगायला हव्यात. गोंगाट असतो. सगळं ताईंवर अवलंबून असतं. चांगल्या ताई रजेवर गेल्या की गप्पांच्या जागी नुसती बडबडगीतं होतात. स्नेहसंमेलन जवळ आलं की नाचाच्या तालमी सुरू होतात आणि खेळ मागे पडतो. मूल कुठवर आलं, हेही मोंटेसरीत जास्त स्पष्ट कळतं.

तुमचं मूल एकट्याने तासन् तास एका गोष्टीत रमणारं असेल, गोंगाटाने बावरणारं असेल, तर मोंटेसरीच बघा, मी आग्रह करणार नाही. घरात आजी-आजोबा, भावंडं, शेजारची पोरं यांच्यामुळे बोलणं भरपूर होत असेल, तरीही मोंटेसरी चालून जाईल. पण आमच्यासारखं तिघांचं घर असेल, आईबाबा दोघंही नोकरीला, तर बोलकी बालवाडी माझ्या मते जास्त देते.

पाटीवर मात्र जाऊ नका, मोंटेसरी हे नाव कुणीही लावतं. प्रवेशाआधी दोन्हीकडे एकेक सकाळ बसू देतात का ते विचारा. बसलात की भिंतीवरचे तक्ते बघण्यात वेळ घालवू नका. ताईंच्या प्रश्नांकडे कान द्या. “हा रंग कोणता?” असे, एकच उत्तर असलेले प्रश्न किती आणि “का बरं असेल?” असे किती, ते ऐका. आणि मुलाने भलतंच उत्तर दिलं तर त्यावर ताई पुढे काय विचारतात, तेही.