अकरावी-बारावी गोव्यातच की बाहेर?

दहावीचा निकाल लागला की म्हापसा, फोंडा, मडगावच्या नाक्यांवरचे क्लासवाल्यांचे फलक बदलतात आणि घरोघरी तोच विषय निघतो. मुलाला इथल्याच हायर सेकंडरीत घालायचं, की राजस्थानातलं कोटा, पुणे, बेळगाव असं कुठंतरी वसतिगृहात ठेवून दोन वर्षं तयारी करून घ्यायची? पॉलिटेक्निक हा तिसरा रस्ता. तो बहुतेक घरांत 'सायन्सला मिळालं नाही तर बघू' एवढ्यावरच संपतो. बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत असल्यामुळे माझा कल इथंच राहण्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याचं मुख्य कारण शिकवण्यातलं नाही, नियमांतलं आहे. पालक मात्र ते सगळ्यात शेवटी विचारतात.

आधी बारावीचा पत्ता

जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्ममध्ये पात्रतेचं राज्य असा एक रकाना असतो. मूल राहतं कुठं, जन्मलं कुठं, आईवडील कुठले, याच्याशी त्याचा संबंध नाही. बारावी ज्या राज्यातून झाली ते त्याचं राज्य. एनआयटी म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्था; त्यांतल्या साधारण निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यातल्या असतात आणि त्या याच रकान्यावरून ठरतात. म्हणजे शिरोड्याच्या मुलीने बारावी कोटा शहरात केली, तर एनआयटीसाठी ती राजस्थानची झाली. कुंकळ्ळीच्या एनआयटी गोव्यात तिला बाहेरच्या राज्यातली म्हणून बसावं लागेल आणि तिथला कट-ऑफ वेगळा, बराच कडक. आईवडिलांचं घर कॅम्पसपासून तासाभरावर असलं तरी नियम बदलत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बारावी बेळगावात केली तर मूल कर्नाटकाचं ठरतं आणि सुरतकलच्या एनआयटीत त्याला गृहराज्याचा हक्क मिळतो. सुरतकलचं नाव गोव्याच्या एनआयटीपेक्षा केव्हाही मोठं. पण तिथं त्याच्याबरोबर रांगेत बंगळूर, मंगळूर, हुबळीची पोरं असतात. आपल्या राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती. गोव्याच्या रांगेत उभं राहणं आणि कर्नाटकाच्या किंवा महाराष्ट्राच्या रांगेत उभं राहणं, यातला फरक एवढ्या एका आकड्यावरून कळतो.

मेडिकलला हा मुद्दा आणखी धारदार होतो. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याकडे राहतात. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एमबीबीएसची जागा हवी असलेल्या आपल्या मुलाची खरी आशा या ८५ टक्क्यांवर. त्या जागांसाठी गोव्यातल्या निवासाबरोबर गोव्यातल्या शिक्षणाच्याही अटी असतात, काही वर्गांना सवलती असतात. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपत्रकात हे सगळं कलमवार दिलेलं असतं. बाहेर पाठवायचंच असेल तर क्लासची फी भरायच्या आधी ती पानं वाचा. नंतर वाचून उपयोग नाही.

आयआयटीला राज्याचा कोटा नाही. फर्मागुढीला आयआयटी आली म्हणजे आपल्या पोरांना जागा राखून ठेवल्या, असा समज अजूनही भेटतो. तसं काही नाही. झुआरीनगरच्या बिट्स या खासगी संस्थेचंही तेच: तिची वेगळी प्रवेश परीक्षा आहे, बारावी कुठल्या राज्यातून केली याने काही बिघडत नाही, फीच्या आकड्याने मात्र बिघडू शकतं. म्हणून ज्याचं लक्ष्य फक्त आयआयटी किंवा बिट्स, त्याला बारावीच्या पत्त्याची भीती कमी. पण फक्त आयआयटी म्हणणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना शेवटी एनआयटी, फर्मागुढीचं सरकारी इंजिनिअरिंग किंवा वेर्णा, फातोर्डा, आसगाव, शिरोडा इथली कॉलेजं हेच पर्याय उरतात. इंजिनिअरिंगला पूर्वी जीसीईटी ही आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा होती, आता जेईई मेनचे गुण लागतात. त्यामुळे जेईई ही हुशारांचीच परीक्षा, आपल्याला काय करायची, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

शिकवणं

शिकवण्यात बाहेरचे क्लास पुढे आहेत, हे मान्य केलं पाहिजे. चांगल्या कोचिंगमध्ये चाचण्यांचा रतीब असतो, प्रत्येक चाचणीनंतर क्रमांक लागतो आणि शेजारच्या बाकावरचं मूल आपल्याइतकंच किंवा जास्त तयारीचं असतं. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. आमच्याकडे वर्गातल्या पहिल्या मुलाला आपण देशात कितवे, याचा पत्ता जानेवारीतल्या जेईईच्या निकालाने लागतो, तोही बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असताना.

इथल्या मुलाचा दिवस असा जातो. दुपारपर्यंत हायर सेकंडरी, मध्येच प्रॅक्टिकल, घरी जाऊन चार घास, संध्याकाळी ट्युशन. वाळपई किंवा पेडण्याकडचा मुलगा असेल तर यातले दोन-तीन तास कदंबच्या बसमध्ये जातात. रात्री जेवून पुस्तक उघडलं की डोळे मिटायला लागतात. कोट्यात खोली ते क्लास दहा मिनिटं. तिथला खरा फायदा मास्तरांच्या नावापेक्षा या वाचलेल्या वेळात आहे. मग गोव्यात राहून तो वेळ दुसऱ्या मार्गाने वाचवता येत असेल (ऑनलाइन वर्ग, घराजवळची हायर सेकंडरी, आठवड्यातून दोनच दिवस ट्युशन) तर निम्मं अंतर इथंच तुटतं.

पुस्तकाच्या बाबतीत आपलं मूल मागे नाही. गोवा बोर्डाच्या विज्ञान शाखेला पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत. नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे आणि बायोलॉजीचा पाया म्हणजे एनसीईआरटीची पानं. एकेक ओळ, एकेक आकृतीखालची टीप धरून वाचणारी मुलगी घरच्या टेबलावर बसूनही हे गुण मिळवते. मेडिकलसाठी बाहेर जायचं कारण मला म्हणूनच कमी दिसतं. जेईईला तसं नाही. तिथं पाठांतराने भागत नाही, गणितं सोडवून सोडवून हात बसावा लागतो आणि त्यासाठी कुणीतरी मानगुटीवर बसणारं लागतं.

आता एक बारीक गोष्ट. अकरावीत पहिल्या काही आठवड्यांत उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं गणित येतं. वजनाचे दोन भाग करायचे, एक उताराच्या दिशेने, एक उताराला काटकोनात. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली निम्मी मुलं इथं अडतात. सरांनी आकृती काढली, साइन थीटा लिहिलं, मुलं वहीत उतरवतात. मग मी उताराचा कोन उभ्या बाजूकडून देतो आणि वर्ग गप्प होतो. साइन का आणि कॉस का, हे कुणालाच सांगता येत नाही. ही अडचण फिजिक्सची नाही. दहावीचं त्रिकोणमिती सूत्रांपुरतं झालेलं असतं, नववी-दहावीचे एकरूप-समरूप त्रिकोण परीक्षेपुरते झालेले असतात. असं मूल कोट्याला पाठवलं तर तिथला मास्तर या जागी थांबत नाही, तो पुढच्या धड्यावर गेलेला असतो.

म्हणून बाहेर पाठवायचं की नाही, याची कसोटी दहावीच्या टक्क्यांवर लावू नका. मुलापुढे नववी-दहावीच्या पुस्तकातलं न पाहिलेलं, थोडं आडवं गणित ठेवा आणि बघा. उत्तर नाही आलं तरी चालेल. अर्धा तास ते गणिताला चिकटून बसतं का, की दोन मिनिटांत मागच्या पानावर उत्तर शोधतं? चिकटणारं मूल बाहेर टिकतं. दुसऱ्याला आधी इथंच सुधारू द्या.

पैसा आणि पोर

फी, वसतिगृह, मेस, येणंजाणं धरून दोन वर्षांचा आकडा काही लाखांत जातो. गोव्यात ट्युशन महागल्या असल्या तरी तिथवर जात नाहीत. क्लासवाला सगळी फी एकदम मागत असेल तर एक माहीत असू द्या: केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्येच सोडणाऱ्या मुलाला उरलेल्या काळाची फी परत द्यावी, क्रमांकाची हमी देऊ नये आणि १६ वर्षांखालच्या मुलाला घेऊच नये, असं त्यांत आहे. तरीही आठवीपासूनच्या फाउंडेशनच्या जाहिराती चालू आहेत. तुमच्याकडे असा कुणी आला तर ही तारीख सांगा, चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरा फसवा प्रकार 'डमी' शाळेचा. नाव एका शाळेत, मूल दिवसभर क्लासात. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते आणि डमी शाळांवर बोर्डाने गेल्या काही वर्षांत हात उगारलेला आहे. बारावीच्या परीक्षेलाच बसता आलं नाही, तर बाकी सगळी तयारी धुळीला.

पोराचं काय होतं, त्यावर पालक कमी बोलतात. मडगावहून रेल्वेत बसलं की कोटा दुसऱ्या दिवशी येतं, पण पंधरा-सोळाव्या वर्षी ते अंतर नकाशावरच्यापेक्षा मोठं असतं. जेवणात हुमण नाही ही तक्रार आठवड्यात संपते. चाचणीत बाराशेवा क्रमांक आला हे आईला फोनवर सांगायचं नाही, असं मूल ठरवतं, तिथून खरा त्रास सुरू होतो. मुलांच्या आत्महत्यांमुळे २०२३ मध्ये कोट्याच्या जिल्हा प्रशासनाला वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचे आदेश द्यावे लागले. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. मूल घरी आपणहून बोलतं का, हा प्रश्न क्लासच्या निकालपत्रकाइतकाच महत्त्वाचा आहे.

मधला रस्ता

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना मी हाच सुचवतो. अकरावी-बारावी गोव्यात करा, दाखला गोव्याचा ठेवा. बारावीनंतर मनासारखं झालं नाही आणि मूल खरंच थोडक्यात चुकलं असेल, तर एक वर्ष बाहेर पाठवा. जेईई मेन बारावीचं वर्ष धरून सलग तीन वर्षं देता येते, अ‍ॅडव्हान्स्ड (आयआयटीसाठीची पुढची परीक्षा) सलग दोन वर्षं. नीटला अशी मर्यादा नाही. त्या वर्षी मूल अठराचं असतं, बोर्डाचं ओझं नसतं आणि पात्रतेचं राज्य गोवाच राहतं. दोन वर्षांचा खर्च एकावर येतो, तोही गरज पडली तरच. एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० टक्क्यांत असण्याची अट असते, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका.

अकरावीपासूनच बाहेर, हे मी क्वचित म्हणतो: लक्ष्य आयआयटी, मूल चिकट, घरच्यांना पैसा झेपतो आणि गृहराज्याचा हक्क जाण्याचा तोटा सगळ्यांनी समजून घेतलाय, अशा वेळी.

पॉलिटेक्निक

हिशोब साधा आहे. हायर सेकंडरी दोन वर्षं आणि इंजिनिअरिंग चार, मिळून सहा. डिप्लोमा तीन वर्षं आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीची तीन, मिळून सहाच. फरक इतका की तीन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो आणि वेर्ण्याच्या वसाहतीत किंवा वास्कोकडे नोकरी धरायची तर धरता येते. पणजीत आल्तिनोला, डिचोलीकडे मयेला आणि कुडचड्याला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. ज्याचे हात डोक्याच्या पुढे चालतात, घरातला मिक्सर उघडून बसतो, त्याला दोन वर्षं जेईईच्या घाण्याला जुंपण्यापेक्षा हे बरं. तोटेही आहेत. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात, मेडिकलचं दार बंद होतं आणि आयआयटी-एनआयटीचा रस्ता जवळपास सुटतो. पंधराव्या वर्षी एवढं नक्की ठरलेलं नसेल तर सायन्स घेतलेलं बरं.

कॉमर्स, आर्ट्सवाल्यांना बाहेर जायचं काहीच कारण नाही. त्यांनी अकरावीपासून इंग्रजी वाचन आणि आकडेमोड पक्की करावी, बस्स.

नववीपासून काय

यांतलं काहीही निवडलं तरी नववी-दहावीत करायचं ते सारखंच. बीजगणित आणि भूमिती समजून, आणि इंग्रजी. गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत येतात. त्यांना विज्ञान कळतं, प्रश्न कळत नाही. रोज एक पान विज्ञानाचं इंग्रजीतून मोठ्याने वाचायचं आणि आईला मराठीत समजावून सांगायचं. आई कंटाळली तर आजीला.

आणि कागदपत्रं. निवासाचा दाखला, जातीचा असेल तर तो, मामलेदार कचेरीत जून महिन्यात सगळं गाव उभं असतं. बारावीच्या डिसेंबरात जा. त्याआधी दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकमेकांशी ताडून पाहा. आपल्याकडे आजोबांच्या आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, वडिलांचं अर्धं, मुलाचं तिसरंच, असं सर्रास असतं. जेईईच्या फॉर्मला दहावीच्या कागदावरचं नाव लागतं. दुरुस्ती करायची असेल तर दहावीचा फॉर्म भरायच्या आधी शाळेच्या कारकुनाकडे जा. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सगळंच लागतं.