पुदिना सुकवायला डिहायड्रेटर, साठवायला बरणीतला आर्द्रतामापक: काही महिन्यांच्या वापरानंतर

कुंड्यांत लावलेल्या सुगंधी वनस्पती सुकवायला डिहायड्रेटर (गरम हवा फिरवून सुकवणारं मशीन) घ्यावा का, या प्रश्नाला माझं उत्तर थोडं वाकडं आहे: आधी छोटा आर्द्रतामापक घ्या, मशीनचं नंतर बघू. सुकवण्याचं काम मशीन करतं, पण सुकवलेलं टिकणार की सादळून बुरशी धरणार हे बरणी बंद केल्यावर ठरतं, आणि तिथे मशीनचा काही उपयोग नसतो.

माझ्याकडे पुदिना, बेझिल, थाईम, रोझमेरी, गवती चहा आणि कॅमोमाइल आहे. मशीन पाच ट्रेचं, मागच्या बाजूला फॅन असलेलं, ३५ ते ७० अंशांचा डायल. एकावर एक ट्रे रचायचे आणि खालून हवा यायची, असाही एक प्रकार मिळतो. तो आटोपशीर असतो, पण त्यात हवा खालच्या ट्रेमधून ओलावा घेऊन वर जाते, म्हणून मधूनमधून उठून ट्रेंची अदलाबदल करावी लागते. मागून आडवी हवा येणाऱ्या मशीनमध्ये हे काम बरंच वाचतं. जागा अडते, ती अडू द्यावी.

मशीनचा खरा फायदा दमट दिवसांत कळतो. हवा २५ अंशांवर आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर जुड्या टांगून ठेवल्या तरी पानं वाळत नाहीत, नुसती मलूल होऊन काळवंडतात. तीच हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास ३८ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण आणखी पाणी धरायची तिची ताकद दुपटीहून जास्त होते. सगळी करामत एवढ्यातच आहे. त्यामुळे मुळात कोरड्या हवेच्या जागी राहणाऱ्यांना फक्त पानांसाठी मशीनची गरज नाही. सावली, वारा आणि एक जाळी एवढ्यावर भागतं. उन्हात मात्र वाळवू नये, रंगही उडतो आणि वासही.

आता तापमान. सोबतच्या पुस्तिकेत ‘हर्ब्स’साठी ४० अंश लिहिलंय आणि डायलवरही तसा ठिपका आहे. मी मधल्या ट्रेवर साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून पाहिलं. हीटर चालू झाला की आकडा ४६-४७ पर्यंत चढतो, बंद झाला की ३६ पर्यंत उतरतो. थर्मोस्टॅट असाच चालतो, हे मान्य. पण वनस्पतींच्या बाबतीत या सहा-सात अंशांनी फरक पडतो. मेन्थॉल साधारण ४२ अंशांना वितळतं आणि त्याच्याही खालच्या तापमानाला हळूहळू उडत असतंच. पुदिना मशीनमध्ये लावल्यावर घरभर सुगंध सुटला की छान वाटतं खरं, पण तो सुगंध बरणीत राहायला हवा होता. म्हणून मी डायल ३५ वर ठेवते आणि वेळ जास्त देते. विकत घेणाऱ्यांनी कमाल तापमानाकडे न बघता किमान आकडा बघावा. ५० पासून सुरू होणारी मशीन फळांच्या फोडींना ठीक, पुदिन्याला नाही.

तोडणीबद्दल फार लिहीत नाही. सकाळी दव उडून गेल्यावर, फुलोरा यायच्या आत, आणि धुतलंच तर पाणी पूर्ण निथळू देऊन. पुदिन्याचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं तर बारीक चकचकीत ठिपके दिसतात, तेल त्यांत भरलेलं असतं. पान चुरगळलं की ते फुटतात. म्हणून ट्रेवर पानं दाबून भरू नयेत, आणि वाळल्यावरही चुरा करून न ठेवता अख्खी पानं ठेवावीत. चुरायचं ते कपात घालताना.

प्रत्येक वनस्पतीची तऱ्हा वेगळी. थाईम आणि रोझमेरी मुळातच कमी पाण्याच्या. त्यांच्यासाठी मशीन लावणं म्हणजे उगाच वीज जाळणं, डहाळ्या टांगल्या की काम झालं. पुदिना आणि बेझिल पाण्याने भरलेले, त्यांनाच मशीनची खरी गरज. बेझिल तर नखरेल आहे: जरा दुमडलं, घासलं गेलं की पानातलं विकर हवेशी जुळतं आणि तो भाग काळा पडतो. पानं देठापासून कात्रीने सोडवून, एकावर एक न येऊ देता मांडली तर निम्म्याहून अधिक हिरवी राहतात. पूर्ण हिरवं बेझिल मला अजून एकदाही मिळालेलं नाही, आणि जाहिरातीतल्या फोटोंवर माझा विश्वास नाही. कोथिंबीर सुकवण्याच्या फंदात पडू नये. रंग राहतो, वास जातो. ती फ्रीझरमध्येच बरी.

कॅमोमाइल फसवतं. पांढऱ्या पाकळ्या लवकर कागदासारख्या होतात आणि वाटतं, झालं. मधला पिवळा घुमट मात्र आतून ओलसर असतो. एक फूल घेऊन तो घुमट दोन बोटांत चिरडायचा: पिवळी भुकटी सुटली तर वाळलंय, लगदा होऊन बोटाला चिकटला तर परत ट्रेवर. गवती चहाच्या बुडख्याचंही तसंच. वरची पात कात्रीने बारीक कापून वेगळी वाळवावी आणि जाड बुडखा ताजाच वापरून टाकावा.

आता बरणी, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. ट्रेवरून काढताना पुदिना हातात चुरचुरतो. बरणीत भरून दुसऱ्या दिवशी उघडला तर तेच पान मोडायच्या ऐवजी वाकतं. बाहेरून ओल आत गेलेली नसते. देठात आणि जाड शिरांत पाणी शिल्लक होतं, ते बंद जागेत सगळीकडे समान पसरलं. स्पर्शाने हे आधी ओळखता येत नाही, कारण गरम ट्रेवरचं पान नेहमीच जास्त कोरडं वाटतं. यासाठी बरणीत बटणाएवढा डिजिटल आर्द्रतामापक टाकून ठेवायचा. बरणी पाऊण भरलेली हवी, झाकण घट्ट हवं आणि साधारण एक दिवस खोलीच्या तापमानाला स्थिर राहू द्यायला हवी. मग जो आकडा दिसतो तो बरणीतल्या हवेचा असला तरी सांगतो पानांबद्दल, कारण दोघांचा तोल जमलेला असतो. ६० टक्क्यांच्या खाली बुरशी वाढत नाही. मी मात्र ५० च्या खाली आल्याशिवाय बरणी कपाटात ठेवत नाही, कारण स्वस्त मापक पाच टक्क्यांनी सहज चुकतात.

तो किती चुकतो हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं आणि ओल्या वाळूइतकं दाट होईल एवढंच पाणी घालायचं. वर पाण्याचं तळं साचायला नको. ते झाकण आणि मापक एका बंद बरणीत रात्रभर ठेवायचे. खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७१ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे, आणि पाठीमागे पट्टी चिकटवून ते लिहून ठेवायचं. मी घेतलेल्या जोडीतला एक जवळपास अचूक निघाला, दुसरा सहाने कमी दाखवतो. पाकिटावर दोघांचीही अचूकता सारखीच छापली होती!

बरणी रोज थोडा वेळ उघडून हवा खेळती ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच खरा आहे. बाहेरची हवा बरणीतल्या हवेपेक्षा कोरडी असेल तरच उघडण्याला अर्थ आहे. खोलीत ७५ टक्के आर्द्रता असताना ५५ टक्क्यांची बरणी उघडणं म्हणजे वाळवलेलं हाताने सादळवणं. अशा दिवशी मी झाकणाला हात लावत नाही, बरणी फक्त हलवते, म्हणजे चिकटलेली पानं सुटी होतात. आकडा ६० च्या वर असेल तर सगळं परत ट्रेवर, ३५ अंशांवर तास-दोन तास. ६५ च्या वर आकडा असलेली बरणी रात्रभरही तशीच ठेवू नये.

आर्द्रता आपोआप सांभाळणारी पाकिटंही मिळतात, ५८ किंवा ६२ टक्के असं छापलेली. जिथे घरी गांजा लावणं कायद्याला मान्य आहे तिथे त्याच्या फुलांसाठी ती चालतात, कारण तिथे माल किंचित मऊच हवा असतो. चहाच्या पानांना मऊपणा नको, कुरकुरीतपणा हवा, त्यामुळे ही पाकिटं इथे उलटं काम करतात. सुकी पानं ओली करून ठेवतात. त्याऐवजी सिलिका जेलची पांढरी पुडी पुरते. रंग बदलणारी निळी सिलिका खाण्याच्या वस्तूंजवळ नको, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं.

विजेचा धसका घेण्याचं कारण नाही. मशीन ३५० वॅटचं आहे. सलग आठ तास पूर्ण ताकदीने चाललं तरी २.८ युनिट होतील, आणि ३५ अंशांवर हीटर बराच वेळ बंदच असतो. खरा त्रास आवाजाचा. फॅन एका सुरात घोंघावत राहतो, झोपायच्या खोलीशेजारी मशीन ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे वाळत आलेली हलकी पानं उडून मागे फॅनच्या जाळीत अडकतात. वर एक रिकामी जाळी उपडी घातली की थांबतात, पण ही जादा जाळी सोबत मिळत नाही. टायमर संपला की हीटर आणि फॅन दोन्ही एकदम बंद होतात. रात्री टायमर लावून झोपलं तर सकाळपर्यंत पानं दमट हवेत पडून थोडी मऊ होतात, म्हणून मी टायमर अशा बेताने लावते की तो संपताना मी घरात जागी असेन.

आणि प्लास्टिकचे ट्रे वास धरतात. मध्यंतरी एकदा लसणाची पात वाळवली. तेव्हापासून साबण, सोडा, ऊन सगळं करून झालं, तरी त्या ट्रेवरच्या कॅमोमाइलला लसणाची झाक येतेच. ते दोन ट्रे आता लसूण-कांद्यासाठीच ठेवलेत. स्टीलच्या ट्रेचं मशीन बरंच महाग पडतं, पण निरनिराळ्या वासांच्या गोष्टी वाळवणार असाल तर तेच घ्या.