दार उघडं की कोठार भरलेलं? २०२२ मधला गहू आणि तेल

शेतमालाचा व्यापार किती खुला असावा, यावर मत ठरवायचं असेल तर २०२२चा उन्हाळा बघा. गहू आणि खाद्यतेल, दोन्ही एकदमच कात्रीत सापडले होते.

तेलात आपण दार उघडं ठेवलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलाची आयात नगण्य होती. १९९४ मध्ये पामोलीनची (शुद्ध केलेल्या पातळ पामतेलाची) आयात खुली झाली आणि आता गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. फायदा झालाच, स्वस्त पामतेलाने गरिबाघरची फोडणी भागवली. पण युक्रेनच्या युद्धात सूर्यफूल तेल अडकलं आणि २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली. बंदी २३ मेला उठली, तरी तेलाचा डबा महागायचा तो महागलाच. आपण आयात शुल्क घटवलं खरं, पण विकणाराच नाही म्हणाला तर शुल्क शून्य करून काय मिळणार?

गव्हाचं उलट. आयातीवर ४० टक्के शुल्क, हमीभावाने खरेदी, अन्न महामंडळाची गोदामं. मार्चच्या उष्णतेने पीक मारलं. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. तरी रेशन थांबलं नाही, काही राज्यांत गव्हाच्या जागी तांदूळ मिळाला. किंमत मात्र शेतकऱ्याने मोजली: जगात भाव चढलेले असताना १३ मेला निर्यातबंदी आली. शेजारच्या बांगलादेशाच्या दृष्टीने तर त्या दिवशी आपणच इंडोनेशिया झालो. (लासलगावच्या कांदा बाजाराला अशा बंद्या नव्या नाहीत. डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी मे २०२४ पर्यंत चालली.)

माझा कौल असा: ज्या धान्यावर रेशन चालतं, त्याचं कोठार घरातच हवं; त्यासाठी थोडी महागाई सोसावी. तेल आयात करावंच लागेल, पण एक-दोन देशांच्या भरवशावर नको आणि शुल्क हंगामाच्या तोंडावर हलवू नये. कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तेव्हा लातूर-वाशीमकडचं सोयाबीन काढणीला आलं होतं. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ वर उतरवलं, पेरणीच्या ऐन तोंडावर.