लेंटची मननपुस्तिका: चांगली, पण प्रमाणपत्र कशाला?

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ. त्यात ‘यंदा काय सोडायचं’ एवढंच ठरवायला मी ही 40 दिवसांची पुस्तिका घेतली. तिने तो प्रश्न सुरुवातीलाच निकालात काढला. गोड सोडलं, मोबाईल सोडला. मग वाचलेला पैसा आणि वेळ गेला कुणाकडे? हे लिहायला रोजच्या पानाखाली दोन ओळी आखल्या आहेत. कोऱ्या राहिल्या की टोचतात हो! बायबलमधल्या यशया 58 मधला उपवास, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणारा, तिथे बरोबर पोचतो. रविवार 40 दिवसांत धरत नाहीत, म्हणून त्यांना पान नाही, हेही आवडलं.

बॉनहोफर या नाझीविरोधी जर्मन पाळकावरचं पान उत्तम. 1939 मध्ये अमेरिकेत सुखरूप असताना तो जर्मनीत परतला, 1945 मध्ये नाझींनी त्याला फाशी दिली. पण घरात मार खाणाऱ्या बाईने तो ‘आपला वधस्तंभ’ समजून सोसू नये, हे एक वाक्य लूक 9:23 च्या, म्हणजे ‘रोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये’ या येशूच्या वचनाच्या, पानावर हवंच होतं.

आणि शेवटी भिंतीवर लावायला प्रमाणपत्र! उपवास माणसांना दिसू देऊ नका, हे मत्तय 6 मधलं वचन याच पुस्तिकेत आहे. पाचपैकी चार तारे.